फुलं टिकत नाहीत, खत कधी बदलायचं? (तातडीची मदत हवी आहे)

धसमुसळा:
झाडं कंबरेएवढी झालीत, फुलं यायला लागलीत, पण टिकत नाहीत. फुलाच्या देठाला मध्ये एक गाठ असते ना, तिथे पिवळं पडतं आणि नुसतं बोट लावलं की फूल हातात. फुलोऱ्यात खत बदलायचं असतं एवढं कळलंय. पण कोणी १२:६१ सांगतं, कोणी ०:५२:३४ (पुडीवरचे आकडे, क्रमाने नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश), कोणी म्हणतं आता काहीच देऊ नकोस. उद्या सकाळी द्यायचंच आहे, तेव्हा कृपया मुद्द्याचं बोला.

माळीबुवा:
कशाची झाडं? कुंडीत की जमिनीत? कुंडी असेल तर केवढी?

धसमुसळा:
टोमॅटो हो. देठाला गाठ म्हटल्यावर कळायला हवं होतं. कुंडीत आहेत, उघड्यावर, ऊन भरपूर.

शेणखत_झिंदाबाद:
ही आकडेवाली खतं आणलीत तिथेच चुकलंत. मी गेली सात वर्षं फक्त कुजलेलं शेणखत, गांडूळखत आणि महिन्यातून एकदा मूठभर निंबोळी पेंड देतो. फुलोरा आला म्हणून काही बदलत नाही. झाडाला कळतं काय घ्यायचं ते.

माळीबुवा:
धसमुसळा, आतापर्यंत काय देत होतात ते सांगितलंच नाहीत.

धसमुसळा:
युरिया. दर रविवारी कुंडीला एक चमचा. वाढ एकदम जोरात आहे, पानं काळपट हिरवी. म्हणून तर प्रश्न फक्त फुलांचा आहे.

विद्राव्य:
"फक्त फुलांचा" नाही, इथेच गोम आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतं. चहाचा चमचा धरला तरी कुंडीला आठवड्याला जवळपास दोन ग्रॅम नत्र नुसतं. झाडाला पानं वाढवायला एवढं फुकट मिळत असेल तर ते फळाच्या भानगडीत कशाला पडेल? शेंड्याची पानं खाली वळून पंजासारखी झालीत का बघा. झाली असतील तर उद्या कसलंही खत देऊ नका. युरिया बंद, आणि कुंडीच्या तळातून पाणी भरपूर वाहून जाईल असं एकदा साधं पाणी द्या.

मग आठवडाभराने ०:५२:३४, लिटरला एक ग्रॅम, आळवणी करून, म्हणजे पाण्यात विरघळवून मुळाशी ओतून. एकदा, फार तर दोनदा. १२:६१ नको, त्यात पुन्हा नत्र आहे. फळं वाटाण्याएवढी दिसली की पालाशकडे वळा: १३:०:४५ किंवा ०:०:५०. तोवर पानं फिकी पडली तर १३:०:४५, अजून गडदच असतील तर ०:०:५०. नत्र कायमचं तोडायचं नसतं, प्रमाण फिरवायचं असतं.

शेणखत_झिंदाबाद:
म्हणजे एका पुडीने केलेलं दुसऱ्या पुडीने निस्तरायचं. वा.

विद्राव्य:
शेणखतातलं नत्र, स्फुरद, पालाश मुळं घेतात तेव्हा ते क्षाररूपातच असतं. मुळाला पुडी आणि गोठा यातला फरक कळत नाही.

गच्चीवरची:
माझ्या जास्वंदीवर पांढरा कापसासारखा मिलीबग आला होता. साबणाचं पाणी आणि नीम तेल, संध्याकाळी फवारायचं, उन्हात नाही. आठ दिवसांनी परत. कुणाला उपयोग झाला तर.

धसमुसळा:
ताई, मिलीबग नाहीये.

गच्चीवरची:
येईल. नत्र जास्त झालं की कोवळी फूट येते आणि रस शोषणारे किडे तिथेच येतात.

उन्हाळी:
सगळे खतावर तुटून पडलेत, तापमान कोणीच विचारलं नाही. दिवसा पारा ३५ च्या वर जात असेल आणि रात्रही गरम असेल तर टोमॅटोचा परागच निकामी होतो. मग सोन्याचं खत घाला, फूल गळणारच. दुपारची सावली करा आणि सकाळी फुलांच्या घोसाला टिचकी मारा, पराग आतल्या आत झडतो.

धसमुसळा:
पारा तिशीच्या आसपास. पानं पंजासारखी आहेत, खरंय. एक सांगायचं राहिलं: दोन फळं धरली होती, त्यांच्या बुडाला काळा खोलगट डाग पडला. तोडून टाकली.

बागबगीचा_२:
कॅल्शियम कमी! कॅल्शियम नायट्रेट आणा, त्या ०:५२:३४ च्याच बादलीत टाका, एका दगडात दोन पक्षी. शिवाय चमचाभर एप्सम सॉल्ट.

विद्राव्य:
अजिबात नको!! कॅल्शियम आणि फॉस्फेट एका पाण्यात टाकलं की पांढरा गाळ तळाशी बसतो. झाडाला ना हे मिळतं ना ते. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं, बुडाच्या डागाशी त्याचा संबंध नाही. जास्त दिलं तर उलट कॅल्शियमच्याच आड येतं. आणि कॅल्शियम नायट्रेटमध्येही नत्र आहे, आत्ता तेच नकोय.

बागबगीचा_२:
माझ्याकडे गाळ बसला नाही कधी.

विद्राव्य:
पारदर्शक ग्लासात करून बघा.

माळीबुवा:
बुडाचा डाग बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नाही म्हणून पडत नाही. पाणी अनियमित असलं की फळापर्यंत ते पोचत नाही. म्हणून पुन्हा विचारतो, कुंडी केवढी? आणि पाणी कधी देता?

धसमुसळा:
पाणी आठवण येईल तसं. पानं माना टाकतात तेव्हा कळतंच. कुंडी दहा लिटरची असेल. तीन झाडं आहेत तिच्यात.

माळीबुवा:
एका कुंडीत तीन?

धसमुसळा:
रोपं छोटी होती तेव्हा. आणि विद्राव्य, चमचा आत्ता बघून आलो. जेवणाचा आहे.