मदत हवी आहे: लूक 16 मधला कारभारी तरुणांना कसा समजावू?

सर्वांना जय ख्रिस्त. तरुण संघात रोजच्या कामातल्या विश्वासूपणावर बोलायचं आहे. बायबलमधला मत्तय 25 सोपा जातो: धन्याने सोपवलेल्या पैशांपैकी पाच तालांत (मोठी रक्कम) मिळालेला दास असो की दोन मिळालेला, धन्याची शाबासकी शब्दन् शब्द सारखीच. अडतंय लूक 16 मध्ये. कामावरून काढला जाणारा कारभारी धन्याच्या कर्जदाराकडून तेलाच्या शंभर मापांचे पन्नास लिहून घेतो, धनी त्याला वाखाणतो आणि लगेच दहाव्या वचनात थोडक्यातल्या विश्वासूपणाची गोष्ट! माझ्या मते कौतुक लबाडीचं नाही, पुढचा विचार करण्याचं आहे. नवव्या वचनातली सार्वकालिक वस्ती (कायमचं घर) तेच सुचवते. पण ज्या मुलाला ऑफिसात साहेबच खोटी बिलं लावायला सांगतात, त्याला हे कसं सांगाल? शिवाय तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने, तर प्रतिफळ कशाचं, हे कुणीतरी विचारणारच. (इफिस 2:8-10 काढून ठेवलंय.) आणखी कोणती वचनं घेऊ?