खानापूरचा चिखल आणि लाहौलचा बर्फ, एकाच गाडीला टायर कुठले घालू?

जांबोटीचा_गुरांचा_डॉक्टर

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतो. डिझेल फोर बाय फोर एसयूव्ही आहे, चाकं २५५/६० आर १८, अलॉय, कंपनीचे हायवे टायर. ५२ हजार किलोमीटर झालेत, नक्षी जेमतेम ३ मिलिमीटर उरली आहे.

बदलायचेच होते, पण गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर नीट विचारून घ्यावं म्हटलं. रात्री अकराला फोन आला, गवाळीच्या बाजूला म्हैस अडली होती, रेडकू आडवं. पाऊस असा की वायपर पुरेना. शेवटच्या चढाला लाल रेंद्यात गाडी फिरू लागली आणि घसरत जाऊन डावं पुढचं चाक जांभ्याच्या धोंड्यावर बसलं. उतरून बॅटरी मारली तर टायरच्या बाजूला अंगठा आत जाईल एवढी चीर, आतले धागे बाहेर आलेले. अलॉयची कडही चेपली होती. चिखलात जॅक बसेना. शेवटी पिशवी घेऊन चालत गेलो, पाऊण तास लागला. म्हैस वाचली, रेडकू गेलं. घरधनीण काही बोलली नाही, उलट मला चहा दिला. ते मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट, जानेवारीत घरच्यांना घेऊन हिमाचलात लाहौलला जायचं ठरलंय. गाडीनंच, दोन हजार किलोमीटरच्या वर. टायरवाला म्हणतो, मोठ्या ठोकळ्यांचे मड टेरेन घाला, चिखल काय न बर्फ काय, कुठंच अडायचं नाही. खरं आहे का? आणि रिम १८ च ठेवू की १७ करू?

चंदगडी_काजू

डॉक्टर, मड टेरेन मी तीन वर्षं वापरले. बागेत चिखलात एक नंबर, त्याबद्दल वाद नाही. पण पावसात तिलारी घाट उतरताना ओल्या डांबरावर ब्रेक मारला की गाडी हातभर पुढंच जायची. रबर-डांबराचा संबंधच कमी, ठोकळ्यांमध्ये सगळ्या फटी. आवाज तर इतका की मागच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलायचं. तुम्हाला चोर्ला घाटाचा रस्ता रोजचा, घालू नका. ऑल टेरेन बघा, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे.

हिंडलग्याचा_माजी_सैनिक

डॉक्टरसाहेब, सतरा वर्षं फौजेत गाडी चालवली, त्यातले पाच हिवाळे बर्फात. तुमच्या टायरवाल्याचं बर्फाबद्दलचं बोलणं चूक आहे, आणि ही चूक महागात पडते म्हणून सविस्तर लिहितो.

ताजा भुसभुशीत बर्फ असेल तर मोठे ठोकळे चालून जातात. पण लाहौलात तुम्हाला भेटणार तो गाड्यांनी दाबून दाबून फरशीसारखा झालेला बर्फ, आणि सकाळी वळणावर गोठलेलं पाणी. ते पाणी दिसत नाही, ओला रस्ता वाटतो. तिथं पकड देतात त्या टायरच्या ठोकळ्यांवर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा. मड टेरेनचे ठोकळे बहुतेक सपाट, घट्ट. शिवाय साधं रबर ७ अंशांच्या खाली ताठ व्हायला लागतं.

दुकानात गेलात की टायरच्या बाजूला वाचा. एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असेल तर एवढ्यावर भुलू नका, ते कंपनी स्वतःच नक्षी बघून लिहिते. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, असं चित्र शोधा. बर्फावर ठरलेली चाचणी पास झाल्याशिवाय ते छापता येत नाही. हे चित्र असलेले ऑल टेरेन मिळतात. मागवायला लागले तर मागवा, चार दिवस थांबा. आणि चारही चाकांना एकच टायर. पुढं नवे, मागं जुने असं केलं तर उतारावर गाडीचा मागचा भाग पुढं यायला बघतो.

टायर कितीही चांगले घ्या, साखळी लागतेच. बर्फ पडायला लागला की मनालीच्या वर सोलंगपासूनच पोलीस फोर बाय फोर किंवा साखळीवाली गाडीच पुढं सोडतात. साखळी टायरच्या मापाचीच घ्या आणि घरी अंगणात चार वेळा चढवून-उतरवून बघा. चाक फिरवून आत सस्पेन्शनला घासते का तेही बघा. एकच जोड असेल तर गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या चाकांनाच. साखळी लावल्यावर ३०-४० च्या वर जायचं नाही, आणि कोरडं डांबर लागलं की काढायची.

हवेचं. इथनं ३४ भरून निघालात तरी तिथं पहाटे तेवढी दाखवणार नाही, थंडीनं उतरते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी हलवायच्या आधी मोजा आणि पुस्तकातल्या आकड्यावर आणा. बर्फावर चालावं म्हणून हवा फार काढू नका, ते वाळूतलं काम.

जांबोटीचा_गुरांचा_डॉक्टर

मनापासून आभार. मग आपल्या चिखलात हवा किती? मी त्या रात्री ३४ वरच होतो. आणि रिमचं कुणी सांगेल का? चेपलेल्या अलॉयला आता कडेला केसासारखी रेघ दिसतेय. एक जण वेल्डिंग करून देतो म्हणतोय.

हिंडलग्याचा_माजी_सैनिक

नुसता रेंदा असेल तर २० पर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि ओढ मिळते. पण तुमच्याकडं रेंद्याच्या खाली जांभा दडलेला. हवा कमी केली की टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि धोंडा तिथंच लागतो. म्हणून तुम्ही २४-२५ च्या खाली जाऊ नका. डांबरावर आलात की लगेच भरा, बारा व्होल्टचा पंप गाडीतच ठेवा. जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद जाड फळीही. त्या रात्री फळी असती तर जॅक बसला असता.

उद्यमबाग_ओतकाम

त्या रिमला वेल्डिंग करू नका. वीस वर्षं फाउंड्रीत आहे, ॲल्युमिनियमही ओततो. चांगल्या रिमला ओतल्यानंतर तापवून, पाण्यात बुडवून, परत मंद तापवून ताकद आणलेली असते. वेल्डिंग केलं की आजूबाजूचं दोन बोटं धातू परत मऊ पडतं. वरून घासून रंग मारला की नव्यासारखं दिसतं, पण पुढच्या खड्ड्याला तिथंच शेजारी तडकतं. घाटात चाक फुटलं तर काय, हे तुम्हाला सांगायला नको. भंगारात द्या.

लोखंडी डिस्क, म्हणजे लोखंडी रिम घ्या. दगडावर आपटली तर वाकते, तडकत नाही. खानापुरात कुठलाही पंक्चरवाला घण मारून कड इतपत सरळ करेल की हवा धरून घरी याल. जड असते, गाडीचा चटपटीतपणा थोडा जातो. तुमच्या कामाला चालेल.

मापाचा हिशेब मी मांडला (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची). तुमच्या १८ च्या टायरची बाजू १५३ मिलिमीटर उंच. तुमच्याच मॉडेलच्या खालच्या फोर बाय फोरला कंपनी २४५/६५ आर १७ देते, त्याची १५९. म्हणजे रिम बदलून ६ मिलिमीटर फायदा, त्यासाठी एवढा खर्च पटत नाही. २४५/७० आर १७ घेतलं तर बाजू १७१, अख्खं चाक मूळच्यापेक्षा १२ मिलिमीटरच मोठं, स्पीडोमीटरला दीड टक्का फरक. २६५/६५ आर १७ सगळीकडं सहज मिळतो, पण त्याला रिम किमान साडेसात इंच रुंद लागते आणि रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद खाली रुततो. म्हणून २४५/७०. फक्त लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळच्यापेक्षा कमी नको, आणि हे माप गाडीच्या कागदात नाही म्हणून विमा कंपनीकडून आधी लेखी घ्या.

चंदगडी_काजू

स्टेपनी पण त्याच मापाची घ्या डॉक्टर! लोक चारच घेतात.

जांबोटीचा_गुरांचा_डॉक्टर

विमावाल्यांचं लेखी उत्तर आलं, मग काल बेळगावात जाऊन पाच लोखंडी डिस्क आणि पाच ऑल टेरेन घेतले, २४५/७० आर १७, डोंगर-हिमकणाचं चित्र असलेले. पहिल्यांदा दुकानात जे काढून दिले त्यावरचे शेवटचे चार आकडे वाचले, आठवडा आणि वर्ष, तर तीन वर्षांपूर्वीचे निघाले. परत पाठवले. दुसरे आले ते याच वर्षीचे.

स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागं चार माणसं बसवून बघितलं, कुठं घासत नाही. बाजूचं रबर बोटानं दाबलं तरी जाड लागतं, जुन्याशी तुलनाच नाही. साखळी अजून यायची आहे. फळी सुताराकडून करून घेतली, फणसाची, दीड इंच जाड.

शनिवारी आमगावला लसीकरण आहे, पाऊसही आहे. २५ हवा ठेवून जातो. आल्यावर चारही कडा तपासून इथं लिहितो. त्या वाटेवर गवाळीच्या त्या घरीही जाऊन यायचं आहे, म्हैस परत दूध द्यायला लागली म्हणून निरोप आलाय.