दातांना तारा लावायला एमडीएसच (स्पेशालिस्ट) पाहिजे का, गल्लीतला डेंटिस्ट चालतोय?

रंकाळाकाठ:
लेक १३ वर्षांची, वरचे दात पुढं आलेत. आमचे गल्लीतले डॉक्टर बीडीएस, म्हणजे साधे डेंटिस्ट, घरातल्या सगळ्यांच्या दाढा त्यांनीच बघितल्यात, ते २५ हजारात तारा लावून देतो म्हणत्यात. राजारामपुरीतल्या ऑर्थो (दात सरळ करण्यातल्या एमडीएस) मॅडम ४५ सांगत्यात, शिवाय चार लहान दाढा काढायला लागतील म्हणे. मला तर स्पेशालिस्टचं उगाच प्रस्थ वाटतंय, तार तीच, दातावर चिकटवायचं ब्रॅकेटपण तेच. बोला.

पंचगंगा_७:
तार तीच ओ, पण कुठला दात किती सरकवायचा हे कोण ठरवणार? बीडीएसला ४ वर्षांत ऑर्थो हा बऱ्याच विषयांतला एक, वर १ वर्ष इंटर्नशिप. ऑर्थोतले एमडीएसवाले पुढं ३ वर्षं फक्त तेच करत्यात. माझ्या भावाचं साध्या डेंटिस्टनं केलं, डोक्याचा बाजूनं एक्स-रे काढतात तो काढलाच न्हाई, जागा नसताना दात सरळ केले. झाले की सरळ, पण आणखी पुढं आले, ओठ मिटंनात. दोन वर्षं गेली आणि परत मिरजेला जाऊन पहिल्यापासनं.

शाहूपुरीचा_दातवाला:
मी बीडीएस, म्हणून बोलतो. कायद्यानं आम्हाला तारा लावता येतात. थोडी फट, एखादा वाकडा दात मी करतो, जबड्याचीच गडबड असंल तर पाठवून देतो. पण एमडीएसचा बोर्ड बघून भुलू नका, काही ठिकाणी साहेब महिन्यातनं एकदा येणार, मधे तार गालात टोचली की पेशंट रविवारी माझ्या दारात. निम्मी ब्रॅकेट तर मटणाची नळी फोडताना पडत्यात, ते सोडा.

महाद्वारची_ताई:
माझं एमडीएसनंच केलेलं, छान झालं, मग मी रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला घालतात तो) घातला न्हाई आणि दात परत फिरले. आता कुणाला बोलू? रंकाळाकाठ, खालचा जबडा मागं हाय का विचारा आधी, वाढीच्या वयात त्यावर उपाय होतोय, नंतर अवघड.

रंकाळाकाठ:
आत्ताच गल्लीतल्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. म्हटलं बाजूचा एक्स-रे काढणार का, तर म्हणाले, "ते आमचे ऑर्थो बघतील की, महिन्यातनं एकदा येत्यात, तारा तेच लावणार." म्हणजे इतके दिवस मी हितं भांडतोय कशासाठी?

पंचगंगा_७:
😂 मग मधल्या २० हजाराचं काय ते विचारा आता मॅडमना.