मदत हवी आहे: आईबाबांसोबत पहिली क्रूझ, कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी, नागपूरहून विचारून राहिलो. बाबा नोव्हेंबरमध्ये रिटायर होत आहेत, आईने आयुष्यात समुद्र फक्त एकदा पाहिला तोही गणपतीपुळ्याला, तर डिसेंबर-जानेवारीत दोघांना क्रूझवर न्यायचं पक्कं केलंय. सोबत मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी.

एक पर्याय म्हणजे मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज, गोवा किंवा लक्षद्वीपवालं. पासपोर्टची भानगड नाही, आणि आईला व्हेज जेवणाची काळजी राहणार नाही. पण जहाज १९९० चं आहे आणि आकारानेही मध्यम, तर मुलीला तीनचार दिवस पुरेल का? शिवाय लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही म्हणे, लहान बोटीने उतरावं लागतं, आणि आईचे गुडघे दुखतात. कोणी वयस्कर माणसांना असं उतरवलंय का? माझा जीव खरं तर इथेच अडकलाय.

दुसरा म्हणजे सिंगापूरहून पेनांग-फुकेत. जहाज मोठं, स्लाइड वगैरे भरपूर, पण खर्च वाढतो आणि बाबांना गर्दी अजिबात सहन होत नाही, ते आपले डेकवर खुर्ची टाकून पाणी बघत बसणारे. त्यांच्यासाठी बंदरं कमी आणि समुद्रातले दिवस जास्त असा रूट बरा ना?

केबिन खालच्या मजल्यावर मधोमध घेतली तर हेलकावे कमी जाणवतात हे माहीत आहे, पण तिथे बाल्कनी मिळणं कठीण. आईसाठी बाल्कनी सोडावी का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सविस्तर सांगा, पुढच्या आठवड्यात बुकिंग करायचंय.