विमानात जळकट वास किंवा धूर आल्यास प्रवाशाने काय करावे? सल्ला हवा

पंचगंगाकाठ : नमस्कार मंडळी. दम्याचा त्रास असलेल्या माझ्या आईला घेऊन पुढच्या महिन्यात उजळाईवाडीहून (कोल्हापूर विमानतळावरून) हैदराबादला जायचे आहे. मागच्या एका प्रवासात वायर जळल्यासारखा वास आला आणि थोड्या वेळाने गेला. कारण कुणी सांगितले नाही, आणि तेव्हापासून आई विमानाचे नाव काढू देत नाही. अशा वेळी प्रवाशाच्या हातात काय असते, आणि धुरापासून बचावाचे मुखवटे विकत घ्यावेत का?

जुना तंत्रज्ञ : वास येताच बटण दाबून कर्मचाऱ्यांना बोलवा आणि तो कसा आहे, कोणत्या रांगेपाशी जास्त आहे, हे सांगा. तेलकट, कुबट वास बहुधा इंजिनाकडून येणाऱ्या हवेतून येतो, तर जळक्या प्लास्टिकचा उग्र वास आला की वायरिंगवर संशय जातो. कोणती यंत्रणा बंद करायची हे ठरवताना वैमानिकांना ही माहिती उपयोगी पडते. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर १११ या विमानात कॉकपिटमध्ये वास जाणवल्यापासून सुमारे २१ मिनिटांत ते कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २२९ जण दगावले. छतावरील वायरिंगपाशी लागलेली आग इन्सुलेशनच्या (उष्णतारोधक थराच्या) आवरणामुळे पसरली होती. त्यामुळे, उगाच शंका घेतली असे वाटेल म्हणून गप्प बसू नका.

मुखवट्यावर मी तरी पैसे घालणार नाही, कारण त्याचे पाकीट फोडून तो नीट चढवण्यातच मोलाचा वेळ जातो. ओला सुती रुमाल नाकातोंडावर धरून वाकून चालावे. मात्र त्याने धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अडत नाही. मोठ्या विमानांत वरून पडणारे ऑक्सिजन मास्कही धुरासाठी नसतात, कारण त्यांत केबिनमधली हवा मिसळते.

पंचगंगाकाठ : आभारी आहे. पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवली तर चालेल का?

शाहूपुरीची सून : दादा, ती जवळच ठेवा, म्हणजे तापली किंवा फुगली तर लगेच कळेल. १०० वॉट-तासांपर्यंतच्या (Wh) क्षमतेची चालते, पण चेक-इनच्या बॅगेत अजिबात घालू नका. आईंचा इनहेलर पर्समध्ये असू द्या, आणि नायलॉनऐवजी सुती साडी नेसायला सांगा.

जुना तंत्रज्ञ : ताईंचे बरोबर आहे. आणखी एक, कोल्हापूरला बऱ्याचदा एटीआर हे पंख्यांचे छोटे विमान येते. त्यात आपण मागच्या दाराने चढतो, त्यामुळे पुढेही संकटकालीन दारे आहेत हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. बसल्यावर पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजून घ्या, आणि उतरायची वेळ आलीच तर बॅगेला हात लावू नका.