पाटी लावायची परवानगी: तुमची फाईल किती दिवस फिरली?

सुरंगी_वळेसर

पावसाआधी माळा साफ करायला घेतला आणि वाळवी लागलेल्या ट्रंकेत एक प्लास्टिकची पिशवी सापडली. आत आवक-जावकचा निळा शिक्का मारलेली पोच. 2018 सालची, आमच्या खानावळीच्या पाटीच्या अर्जाची. हातात झाडू तसाच राहिला, अर्धा तास तिथेच बसून होते.

आमचं घर रस्त्याच्या खाली. वर डांबरी रस्ता, मग सहा पायऱ्या उतरून खळं, मग पडवी. भिंतीवर पाटी लावली तर वरून जाणाऱ्याला नुसती कौलं दिसणार. म्हणून ह्यांनी ठरवलं, आढ्याच्या वर दोन पाइप उभे करायचे आणि आठ बाय तीनची पाटी ठोकायची. मी नगरपरिषदेत अर्ज घेऊन गेले तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "वहिनी, हे आकाशचिन्ह झालं."

मी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्यांनी माझ्याच अर्जाच्या पाठीवर पेनानं काढून दाखवलं. पाटीच्या मागे भिंत असेल तर तो फलक, मागे आभाळ दिसत असेल तर आकाशचिन्ह. त्याला इंजिनीअरचा दाखला वेगळा, शुल्क वेगळं. "त्यापेक्षा बेड्याजवळ गडग्यावर लावा ना," म्हणाले, म्हणजे फाटकापाशी आवाराच्या भिंतीवर. सरळ माणूस होता.

पण गडगा आमच्या एकट्याचा कुठे? असेसमेंटच्या उताऱ्यावर सासरे आणि त्यांचे भाऊ, त्यातले तीन वारलेले, त्यांचे वारस धरून अकरा नावं. अकरा जणांचं संमतीपत्र हवं. मुंबई, ठाणे, एक नणंद बडोद्याला. आणि एक चुलत दीर विहिरीच्या वाटेवरून नऊ वर्षं आमच्या पडवीची पायरी न चढलेले.

गणपतीला सगळे आले. गौरीजेवणाच्या दिवशी, आरती झाल्यावर मी कागद पाटावर ठेवला. एकेकानं सह्या केल्या. ते दीर खळ्यात उभे होते, आत आले, चष्मा लावून पूर्ण कागद वाचला. विचारलं, "पाटीवर नाव काय?" मी म्हटलं, "काकीची खानावळ." काकी म्हणजे माझ्या सासूबाई. शाळेत असताना हे दीर चार वर्षं त्यांच्याच हातचं जेवले होते. सही केली, पेन परत देताना म्हणाले, "भाकरी चुलीवरचीच ना अजून?"

परवानगी डिसेंबरात मिळाली. तुमचेही अनुभव लिहा, आज मला वाचायचेच आहेत.

रातांबा

ताई डोळ्यात पाणी आणलंत. सकाळी सकाळी. डबे भरायचेत अजून. खानावळीत सोलकढी असते का हो?

बंदररोड

अकरा म्हणजे थोडक्यात सुटलात. आमच्या उताऱ्यावर तेवीस. त्यातले दोघे कुठे आहेत हे कोणालाच माहीत नाही. मी शेवटी पाटी दुकानाच्या काचेच्या आतून लावली, दरवाजाच्या वर.

पेंटरचा_मुलगा

बाबा पाट्या रंगवायचे. परवानगीच्या अर्जाला फलकाचा मजकूर आणि मापं जोडावी लागतात ना, तो नकाशा लोक बाबांकडूनच काढून घ्यायचे. आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीनं. आमच्या घरी अशा कागदांची चळत होती.

काम सुरू करताना ते निळीत बुडवलेला सुताचा दोरा पत्र्यावर ताणून धरायचे. एक टोक माझ्या हातात. मधोमध चिमटीत उचलून सोडला की टण्ण आवाज यायचा आणि पत्र्यावर सरळ निळी रेघ उमटायची. ती शिरोरेषा. मग अक्षरं त्या रेघेला लटकवायची, असं म्हणायचे ते. सगळ्यात शेवटी "ळ" काढायचे, कारण त्याच्या दोन्ही गाठी एकसारख्या यायला हात पूर्ण सुटलेला लागतो. खानावळ, रसवंती, किराणा भुसार, काय काय लिहिलं असेल. मग गावात फ्लेक्सचं मशीन आलं आणि दोन वर्षांत काम बंद.

2022 मध्ये दुकानांचा कायदा सुधारला, दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरीत, मराठी आधी आणि दुसऱ्या भाषेपेक्षा अक्षर लहान नको. त्या वर्षी चार दुकानदार बाबांना शोधत घरी आले. बाबांनी नवीन ब्रश मागवले होते.

चार्जर_आणि_कव्हर

हो हो तीच भानगड माझी. मोबाईलचं दुकान, 2019 ला पाटी केली ती पूर्ण इंग्रजी, कंपनीनं फुकट करून दिलेली. मग सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं दोन महिने मुदत दिली. धावपळ. मला वाटलं नुसता वरचा फ्लेक्स बदलायचा. तर मजकूर बदलला म्हणून पुन्हा अर्ज, पुन्हा फोटो. पण खरं सांगतो, मराठी पाटी लागल्यावर वाडीतल्या म्हाताऱ्या स्वतःहून आत यायला लागल्या. त्याआधी नातवाला पुढे करायच्या. त्यांना वाचताच येत नव्हतं हो, हे दुकान कसलं ते.

मालवणी_मसालो

आमच्या हयसर एकच वाक्य. "साहेब मिटिंगेक गेलेत, उद्या येवा." सात खेपो.

रातांबा

मसालोदादा मग आठव्या खेपेला काय झालं?

मालवणी_मसालो

साहेब बदली होवन गेले. नवीन इले त्यांनी त्याच दिवशी सही केली. चाय पण पाजली.

वाशिष्ठीकाठ

चिपळूण. 22 जुलै 2021 चा महापूर. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

दुकान तळमजल्यावर, बाजारपेठेत. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा पाटी आतमध्ये होती. रस्त्यावरची पाटी शटर वाकवून आत आली होती, आणि आमचीही नव्हती, पलीकडच्या गल्लीतल्या चपलांच्या दुकानाची. आमची शेवटपर्यंत मिळाली नाही. गुमास्ता परवाना, पाटीचं परवानगीपत्र, घरपट्टीच्या पावत्या, सगळ्याचा लगदा.

महिनाभरानं नव्या पाटीसाठी कोऱ्या कागदावर अर्ज केला. जोडायला एकही कागद नाही असं लिहिलं. समोरच्या माणसानं वाचलं आणि म्हणाला, "माझ्याही घरात छातीभर पाणी होतं." जुन्या घरपट्टीचा नंबर तोंडपाठ होता म्हणून त्यावर काम झालं. तेव्हापासून माझ्या फोनमध्ये सगळ्या कागदांचे फोटो आहेत, बहिणीच्या फोनमध्येही. तुम्ही सगळ्यांनी आजच काढून ठेवा. खरंच, आजच.

त्या चपलांच्या दुकानवाल्याला त्याची पाटी नेऊन दिली. चेपली होती, पण त्यानं तीच परत लावली.

जावक_क्रमांक

मी एका नगरपरिषदेत कर विभागात होतो, आता निवृत्त. टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं लिहितो.

निम्म्या फाईली थांबतात त्या पाटीमुळे थांबत नाहीत, घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीमुळे थांबतात. दुकान भाड्याचं, थकबाकी मालकाची, आणि चकरा मारतो भाडेकरू. म्हणून आधी थकबाकी नसल्याचा दाखला काढा, मग बाकीचं. दुसरं म्हणजे फोटो. दुकानाचा समोरून फोटो, त्यावर पाटीची जागा लाल पेनानं आखलेली, लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची लिहिलेली. एवढं असेल तर स्थळपाहणीला आलेल्या माणसाला विचारायला काही उरत नाही. तिसरं, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सुरंगीताईंनी ती आठ वर्षं जपली याचा मला मनापासून आनंद झाला.

ताईंना भेटलेल्या गृहस्थांनी सांगितलेला फरक अगदी बरोबर आहे. महानगरपालिकांच्या 1949 च्या कायद्यात आकाशचिन्हांचं कलम 244 आणि जाहिरातींचं 245, अशी दोन वेगळी कलमं आहेत. आपली गावं 1965 च्या नगरपरिषदांच्या कायद्याखाली येतात, पण शब्द तोच. जीएसटी आला तेव्हा जाहिरात कर गेला, आता पावतीवर शुल्क लिहिलेलं असतं. लोक अजून करच म्हणतात.

आणि एक. 13 मे 2024 ला घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, 17 माणसं गेली. 120 बाय 120 फुटांचं होतं, तिथे 40 बाय 40 च्या वर परवानगीच नसते. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी इंजिनीअरचा दाखला मागायला लागले आणि लोक वैतागले. वैतागू नका. आपल्याकडे वारा कसा असतो ते आपल्यालाच माहीत.

गॅसवेल्डिंग

काका वाऱ्याचं बोललात म्हणून. फॅब्रिकेशनचं काम करतो, पंधरा वर्षं. निसर्ग वादळ 3 जून 2020, श्रीवर्धनपासून वरपर्यंत पाट्या पत्त्यांसारख्या उडाल्या. पडलेल्या फ्रेमा मी बघायला गेलेलो. बहुतेक ठिकाणी वेल्डिंग शाबूत, भिंत शाबूत, फक्त भोकं मोठी झालेली.

कारण चिरा, म्हणजे जांभा दगड. जांभ्यात ड्रिल मारलं की लाल भुगा पडतो आणि भोक आतून पसरतं. वर प्लास्टिकचा गट्टू ठोकला तर तो गोल गोल फिरतो. स्क्रू घट्ट वाटतो, पण धरलेलं काहीच नसतं. चिऱ्याच्या भिंतीला आरपार बोल्ट हवा, मागे पत्र्याची पट्टी. नाहीतर केमिकल भरून अँकर, तोही चोवीस तास न हलवता. समुद्रापासून जवळ असाल तर साधं लोखंड चार पावसाळ्यांत पापुद्रे टाकतं. स्टीलचे बोल्ट घेताना 304 ग्रेडचे नको, 316 ग्रेडचे मागा. महाग आहेत, पण चारच लागतात.

दाखल्यावर इंजिनीअर सही करतो, ठोकतो आम्ही. मी तरी भोक मारताना खालून कोण जाणार ते डोळ्यासमोर आणतो.

आमराई_दुसरी_गल्ली

हंगामी पाटीला परवानगी लागते का? आंब्याची. एप्रिल-मे फक्त. हायवेला लागून आमची पाच गुंठे आहे तिथे स्टॉल.

बंदररोड

हायवे 66 असेल तर नगरपरिषद नाही, महामार्गाची हद्द बघा आधी. माझ्या मेव्हण्याची पाटी चौपदरीकरणात गेली. आंबे कसे आहेत यंदा?

आमराई_दुसरी_गल्ली

मोहोर चांगला होता, फळ कमी. पाटीवर नुसतं हापूस लिहू की रत्नागिरी हापूस? जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे ना 2018 पासून

जावक_क्रमांक

जीआय कोकणच्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला आहे. तुमची बाग त्यात असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या आणि मग अभिमानानं लिहा.

अबोली_पार्लर

माझा अनुभव गोड नाही. लिहू का नको असं करत दोन दिवस गेले.

पहिल्या मजल्यावर गाळा, पार्लर माझ्या नावावर, भाडेकरार माझ्या नावावर, गुमास्ताही. पाटीचा अर्ज घेऊन गेले तर म्हणाले, मिस्टरांची सही आणा. मी विचारलं कशाला? "नंतर तक्रार नको." कुठल्या नियमात आहे ते दाखवा म्हटलं तर हसले. बाजूचे दोघेही हसले. मी जिना उतरून खाली आले आणि स्कूटीची चावी मला सापडेना, हातातच होती.

घरी हे म्हणाले, करतो सही, कशाला वाद. मी नको म्हटलं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. दोनच प्रश्न. फलकाच्या परवानगीसाठी लागणाऱ्या कागदांची यादी द्या. अर्जदार विवाहित स्त्री असल्यास पतीची सही लागते अशा आदेशाची प्रत द्या. तीस दिवसांची मुदत असते, सव्विसाव्या दिवशी यादी आली. दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, "असा आदेश अभिलेखात उपलब्ध नाही." आठवड्यात परवानगी मिळाली. ते पत्र मी पार्लरमध्ये आरशाच्या बाजूला फ्रेम करून लावलंय.

रातांबा

अबोलीताई 🙏🙏 तुमच्याकडेच येणार मी भुवया करायला, कुठेही असलात तरी.

वाशिष्ठीकाठ

ते दोन प्रश्न जसेच्या तसे उतरवून घेतले. माझ्या वहिनीला पाठवतोय, ती शिवणक्लास काढतेय.

जावक_क्रमांक

अबोलीताई, त्या टेबलाच्या बाजूनं मी तुमची माफी मागतो. असं विचारणारे माझ्याही शेजारी बसत होते. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

सुरंगी_वळेसर

दुपारची पंगत उठली, आत्ता वाचलं सगळं. अबोली, तू सही आणली नाहीस ते फार बरं केलंस.

रातांबा, सोलकढी रोज असते, नारळाच्या दुधातली. चिमूटभर हिंग आणि ठेचलेली लसूण, बस. कधीही ये.

गॅसवेल्डिंगदादा, तुमचं वाचून गडग्याकडे गेले. चारातला एक बोल्ट हातानं हलतो. सात पावसाळे झाले. पाटीही उतरवून पुन्हा रंगवावी म्हणते, फ्लेक्स नको, पत्र्यावरच. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, त्यांचं नाव उन्हानं फिकं झालंय. पेंटरचा मुलगा, तुझे बाबा अजून काम घेतात का रे?

पेंटरचा_मुलगा

ताई, बाबांचा हात थरथरतो आता. पण त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, रेघ मी मारून देतो, अक्षरं तू भर. "ळ" मला येतो, त्यांनीच घोटून घेतलाय. मापं कळवा, आणि पाटीचं तोंड पश्चिमेला असेल तर तेही सांगा, उन्हाप्रमाणे रंग बदलावा लागेल.

गॅसवेल्डिंग

तोपर्यंत त्या हलणाऱ्या बोल्टाखाली कोणाला उभं राहू देऊ नका. फोटो टाका, गडग्याची जाडी मोजून.