द्राक्षं घातलेल्या आंबट बिअरला गोठ्याचा वास का?

प्रश्न: लाल द्राक्षांवर मुरवलेली आंबट फार्महाऊस एल (शेतावर बनवायच्या जुन्या पद्धतीची बिअर) काल चाखली. रंग थेट वाईनचा, वर गुलाबी फेस. पहिल्या घोटाला गाल आत ओढले गेले, मागून सालीचा तुरटपणा. फार आवडली! पण गोठ्यासारखा वास कुठून येतो?

उत्तर: ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे. मोजका असेल तर या शैलीत तो दोष मानत नाहीत. आंबटपणा मात्र मुख्यतः जिवाणूंनी केलेल्या लॅक्टिक आम्लाचा.

उत्तर: फार गार पिऊ नका. १०-१२ अंशांवर, वाईनच्या ग्लासात. ब्रसेल्सच्या कांतियों या ब्रुअरीची ‘सँ लामव्हिनुस’ मिळाली तर सोडू नका. ती लॅम्बिक आहे, म्हणजे हवेतल्या रानटी यीस्टवर आंबवलेली बिअर; फार्महाऊस एल नव्हे. पण मर्लो ही वाईनची लाल द्राक्षं बिअरला काय देतात ते तिच्यात कळतं.

प्रश्नकर्ती: ग्लासातली गारठ उतरली तसा चेरीसारखा वास वर आला, तो फार गार न राहिल्यामुळेच तर!